दसऱ्यानंतरची आमची डोंगरातली धाव नक्की कितवी? इतिहास लिहायला घेतलाय, मदत पाहिजे

व्हाळापलीकडचा
नमस्कार मंडळी. आमचा गाव गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही आत. दसरा झाला की पहिल्या रविवारी आमच्याकडे धाव असते, रस्त्यावरची नाही, डोंगरातली. देवळाकडून सुटायचं, सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, शेतांच्या मेरेवरून साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत, तो व्हाळ ओलांडला की काजूच्या डोंगरातून चढत चढत वर सपाट माथ्याच्या सड्यावर, तिथे एक चिऱ्याचा खांब आहे त्याला हात लावायचा आणि पलीकडच्या अंगाने उतरून परत देवळाकडे. हल्ली पणजी-मडगावहून येणारे ट्रेल रन म्हणतात, आम्ही अजून धावच म्हणतो. सुटायच्या आधी गावकर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, सगळे हात जोडून "होय महाराजा" म्हणतात आणि शेवटच्या होय महाराजाला पळत सुटतात, शिट्टी वगैरे काही नाही.

तर यंदाची, म्हणजे २०२५ ची, ५ ऑक्टोबरला झाली. बॅनरवर "२० वी" छापलेलं आणि देवळाच्या पायरीवरच वाद. एक काका म्हणाले १७ वी, मंडळाचे जुने खजिनदार म्हणाले अठरा, आमची आई म्हणते तुझ्या ताईचं लग्न झालं तेव्हा धाव सुरू झालेली होती म्हणजे एकवीस तरी असणारच. कागद म्हणाल तर दोन वह्या होत्या. एक वाळवीने खाल्ली. दुसरी माझ्याकडे आहे पण तिची पहिली पानं सुटून गेलीत, आणि आत नुसती नावं आणि वेळा, साल कुठेच घातलेलं नाही, लिहिणाऱ्याला वाटलं असेल साल काय कोण विसरणार आहे.

पुढच्या वर्षी स्मरणिका काढायचं ठरलंय आणि इतिहास लिहायचं माझ्याकडे आलंय. मला ते नीट करायचंय, कारण ज्यांनी सुरू केली त्यातले दोघे आता राहिले नाहीत आणि बाकीचेही थकलेत. विचारायचंय ते असं, की साल पक्कं कसं करायचं, ज्या वर्षी धाव झालीच नाही ती वर्षं मोजायची का, आणि जिंकलेल्यांच्या नावांशिवाय अशा इतिहासात काय काय घालायचं. कोणाला आमची धाव माहीत असेल, धावला असाल, नुसतं बघायला आला असाल तरी लिहा. वाट बघतोय.

निवृत्त_मास्तर
गाव ओळखला रे, आणि तू कोणाचा तेही बहुतेक ओळखलं. मी तेव्हा शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर होतो, पहिल्या धावेला चौथीतली चार पोरं घेऊन बघायला आलो होतो.

साल २००६, हे मी छातीठोक सांगतो. त्या वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली, २ ऑक्टोबर, सोमवार, आणि आमची एक सुट्टी बुडाली. शिक्षक असल्या गोष्टी विसरत नाहीत. धाव पुढच्या रविवारी, म्हणजे ८ तारखेला. आता यंदाचं बघ, दसरा परत २ ऑक्टोबरलाच आला. तिथी चंद्रावर चालते आणि इंग्रजी तारीख सूर्यावर, दोन्ही १९ वर्षांनी जवळपास परत जुळतात, आणि २००६ ते २०२५ बरोबर १९ होतात. म्हणून तुला सांगतो, म्हाताऱ्या माणसांना साल विचारत बसू नकोस, सण विचार. गणपतीची चवथ लवकर आली होती का, अधिक महिना होता का, धावेच्या वेळी सरदाचं भात कापून झालेलं की उभं होतं, एवढं कळलं की जुनं पंचांग काढून साल धरता येतं. पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या मराठी दैनिकांचे अंक ठेवलेले आहेत, ऑक्टोबरचे काढून तालुक्याच्या बातम्यांचं पान बघ, दोन ओळी का होईना कुठेतरी आल्या असतील.

सुरुवात कशी झाली ते तुमच्या पिढीला कोणी सांगितलंय का माहीत नाही म्हणून लिहितो. चवथीच्या आधी पोरं माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचं, सामान आणायला त्याच वाटेने वर जायची, कवंडळं, माटुलिंगं, रानातली कसली कसली फळं, आणि कोण आधी परत येतो यावर पैज. त्या वर्षी एक पोरगा पिशवी भरून इतक्या लवकर खाली आला की थोरल्यांना पटेना. म्हणाले तू वर गेलाच नाहीस, कोणाच्या तरी कुळागरातलं काढून आणलंस. चोरीचा आळ, तोही माटोळीच्या सामानावरून, पोर रडकुंडीला आलं. मग ठरलं की दसरा होऊ दे, पाऊस जरा कमी होऊ दे, सगळ्यांसमोर पळून दाखव, आणि एकटा कशाला, सगळेच पळा. वीसेक पोरं होती, निम्मी अनवाणी. तो जिंकला नाही, तिसरा आला, पण वर खांबाकडे बसवलेल्या माणसाने त्याच्या हातावर कुंकू लावलं होतं ते त्याने खाली येऊन सगळ्यांना दाखवलं. पहिल्याला केळ्यांचा घड दिला, पण त्या दिवशी गावात बोलणं झालं ते त्या तिसऱ्याचं. आता तो मोठा माणूस आहे, त्याला विचारल्याशिवाय नाव छापू नकोस.

काणकोणकर
मी तुमच्या गावात कधी आलेलो नाही पण तुमची धाव मला माहीत आहे. २००९ ला ती झाली नाही, आणि का झाली नाही ते मी सांगतो.

२ ऑक्टोबर २००९, शुक्रवार होता. इथे दक्षिण गोव्यात काणकोणात त्या दिवशी जो पाऊस झाला तो आम्ही कोणी मरेपर्यंत विसरणार नाही, काही तासांत डोंगरावरून लोंढे आले, घरं गेली, गुरं गेली, पर्तगाळच्या मठात पाणी शिरलं, आमच्या घरात छातीएवढं पाणी आणि ते उतरल्यावर गुडघाभर चिखल. त्या वर्षी दसरा २८ सप्टेंबरचा, म्हणजे तुमचा रविवार ४ तारखेला पडतो. त्या रविवारी सकाळी एका टिपरातून तांदूळ, चादरी, फावडी घेऊन सत्तरीची दहा-बारा पोरं आली. चिखलाचा वास असा की नाक उघडं ठेवून आत जाता येत नव्हतं. तर त्यांनी पिशवीतून पांढऱ्या कापडाचे चौकोन काढले, काळ्या मार्करने आकडे घातलेले, आणि तेच तोंडाला बांधले. मी विचारलं हे काय, तर एकजण म्हणाला आज आमची धाव होती, नंबर तयार होते, फडकी म्हणून उपयोगी पडतील म्हणून घेऊन आलो.

संध्याकाळपर्यंत आमच्या दोन खोल्या आणि गोठा त्यांनी मोकळा केला. जाताना एक कापड विहिरीच्या कठड्यावर राहिलं, १४ नंबर. आईने धुवून घडी करून ठेवलंय, कडा पिवळ्या पडल्यात पण आकडा दिसतो. फोटो पाहिजे तर पाठवतो. १४ नंबर कोणाचा ते वहीत असेल तर सांगा हो, आई अजून विचारते.

व्हाळापलीकडचा
काणकोणकर, तुमचं वाचून वही परत काढली. एक पान आहे, नंबर आणि नावं ओळीने लिहिलेली आणि वेळेचा रकाना पूर्ण कोरा. मला वाटायचं लिहायचं राहून गेलं असणार. १४ वर नाव आहे. तो आता डिचोलीत वेल्डिंगचं काम करतो, आज फोन केला त्याला. थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला त्या घरी विहिरीजवळ एक चाफा होता तो वाचला का. तुमच्या आईंना विचारून सांगा.

मास्तर, पाया पडतो. तुम्ही म्हणता तसं असेल तर हिशोब असा होतो: २००६ ते २०२५ वर्षं २०, त्यातली २००९ ला झाली नाही, २०२० ला कोरोनामुळे झाली नाही. म्हणजे झालेल्या १८. खजिनदारकाका बरोबर. २०१२ बद्दल मला शंका होती पण ती झाली, टीशर्ट नव्हते एवढंच, कारण त्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि आमचा खर्च उचलायचे ते सगळे ट्रकवाले. ट्रक दारात उभे, ड्रायव्हर घरी बसलेले, म्हणून त्या वर्षी उलट धावायलाच माणसं जास्त आली, चाळिशीतली पोट सुटलेली माणसं पण धावली असं वडील सांगतात. २०२१ ला जुलैच्या २३ तारखेच्या पुरात साकव वाहून गेला, तेव्हा व्हाळातून दोरी धरून पलीकडे गेलो, फक्त गावातलेच होतो.

तर मग बॅनर चुकला ना? मंडळाचं म्हणणं आहे की वीस वर्षं झाली म्हणजे विसावी.

बे_एरियातला_म्हापसेकर
याचं सरळ उत्तर आहे. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मिल व्हॅली गावातून डोंगर ओलांडून स्टिन्सन बीचपर्यंत साधारण १२ किमीची डिप्सी नावाची शर्यत असते, अमेरिकेतली सगळ्यात जुनी ट्रेल रेस म्हणतात तिला, सुरुवातीलाच सहाशेवर पायऱ्या चढायच्या. आणि तीही पैजेतूनच निघाली, १९०४ साली एका क्लबातल्या दोघांनी पैज लावली, १९०५ पासून रीतसर भरते. आता १९०५ ते २०२५ मोजा, वर्षं होतात १२१, पण यंदाची धावली ती ११४ वी म्हणून. मंदीतली दोन, महायुद्धातली चार आणि २०२० अशी सात वर्षं झाली नाही, ती त्यांनी सरळ वजा केली. झालेली धावच मोजतात. तुम्हीही १८ च म्हणा, आणि "सुरू होऊन २० वं वर्ष" असं खाली लिहा, दोन्ही खरं आहे, कोणाचं मन दुखायला नको.

आणि न झालेल्या वर्षांची ओळ गाळू नका प्लीज. २००९ ची वरची हकीकत वाचली, कितीतरी विजेत्यांपेक्षा ती मोठी आहे.

फोंड्याची_सून
भाऊ, मी तुमच्याच गावची माहेरवाशीण. विजेत्यांशिवाय काय घालायचं विचारलंस म्हणून लिहिते.

पहिली दोन वर्षं आम्हा मुलींचं काम साकवाकडे पाणी आणि गूळ घेऊन उभं राहायचं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मास्तरांच्या हिशोबाने २००८, मुलगे सुटल्यावर आम्ही तिघी ओढण्या कमरेला बांधून मागून सुटलो. आधी ठरवलेलं नव्हतं, एकीने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली चला. कोणी अडवलं नाही, पण नंबर पण कोणी दिला नाही. काजूच्या डोंगरात चप्पल तुटली ती मी तिथेच टाकली. सड्यावर खांबाला हात लावला तेव्हा खालचा सगळा गाव दिसत होता, देवळाचं कौलारू छप्पर, पिकलेली पिवळी शेतं, आणि मी तिथे पहिल्यांदाच गेले होते, वीस वर्षं त्या डोंगराच्या पायथ्याशी राहून. लाकडं आणायला आम्ही अर्ध्यापर्यंतच जायचो. खाली आले तेव्हा खजिनदारकाकांनी घड्याळ बघितलं आणि वही उलटी करून शेवटच्या पानावर लिहिलं. वर "इतर" आणि खाली आमची तिघींची नावं. मला ते अक्षर अजून दिसतं.

काकांवर माझा राग नाही, त्यांनी लिहिलं तरी. पण स्मरणिकेत आमची नावं त्या वर्षीच्या यादीत घाल, "इतर" मधे नको. तिघींपैकी एक आता नाही.

बे_एरियातला_म्हापसेकर
ताई, डिप्सीमधे पण हेच झालं. १९१८ ते १९२२ बायकांची वेगळी भरवायचे, त्याच वाटेवर, आणि पळत असल्या तरी तिला शर्यत म्हणायचं नाही, हाइक म्हणायचं. नंतर ती बंदच झाली. आणि आता तिथे वय बघून आधी सोडतात, लहान मुलं, म्हातारी माणसं, बायका आधी, तरणे पुरुष शेवटी, त्यामुळे २०१० साली आठ वर्षांची मुलगी सगळ्यांत पहिली आली. तुमच्या मंडळाने हे नक्की करून बघावं.

आरोग्यसेवक_सत्तरी
एक मुद्दा माझा पण घाला. दर दोन-तीन वर्षांनी शहरातले धावणारे म्हणतात ऑक्टोबरात घाम किती, हवा किती दमट, दुपारी विजांचा पाऊस येतो, धाव जानेवारीत घ्या, थंडी असते. गावाने ऐकलं नाही ते फार बरं केलं. २०१५ मधे सत्तरीतल्या पाळी गावात माकडताप आला तेव्हापासून आम्ही दर वर्षी तेच बघतोय, हा ताप गोचिडीतून येतो, बारीक गोचीड सुकलेल्या पाचोळ्यात असते, आणि डिसेंबर ते मे हा तिचा मोसम. काजूच्या दिवसांत लोक रानात असतात तेव्हाच. म्हणजे जानेवारीत दोनशे माणसं उघड्या पायांनी त्याच डोंगरातून पळवणं म्हणजे विचारू नका. ऑक्टोबरात फार तर पायाला जळू चिकटेल, जळूने कोणी मरत नाही. तारीख दसऱ्याला का बांधलेली आहे हे लिहाल तेव्हा हे पण लिहा, नवीन मंडळ आलं की परत तोच ठराव येतो. आणि वाटेत कधीही माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा.

करडाची_वाट
सगळ्यांचं वाचलं. धावणाऱ्यांचं झालं, धाव भरवणाऱ्यांचं झालं, वाट करणाऱ्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

दसऱ्याच्या आधी त्या डोंगरात वाट नसते. चार महिन्यांच्या पावसात करड, म्हणजे रानगवत, डोक्याच्या वर वाढलेलं असतं, काट्यांची जाळी दोन्हीकडून मिळालेली, दोन-तीन झाडं आडवी. माझे वडील आणि आणखी चौघे घटस्थापनेपासून कोयते घेऊन वर जायचे, सकाळचा दूध काढायचा वेळ सोडून, आठ दिवस. मी लहान असताना मागून जायचो. बाबा आधी काठीने करड हलवायचे, थांबायचे, मग कोयता घालायचे, कारण त्या दिवसांत चापडा, हिरवा विषारी साप, करडात आणि फांदीवर नुसता बसून राहतो, हिरव्यात हिरवा, तो पळून जात नाही. एकदा मी पुढे झालो तर त्यांनी माझ्या छातीवर हात आडवा धरला आणि बोटाने दाखवलं, माझ्या नाकापासून हातभर अंतरावर होता. त्या फांदीला हात न लावता ते वाट दोन पावलं बाजूला घेऊन गेले. अजून ती तिथे बाजूलाच जाते, बघा, खांबाच्या अलीकडे एक वाकडं वळण आहे तेच. जीपीएसवाले विचारतात इथे सरळ का नाही.

तसंच खालचं मोठं वळण. तिथे देवाची राई आहे, राईत पायताण घालून जायचं नाही, म्हणून धाव बाहेरून जाते, त्यात तीनेकशे मीटर वाढतात. हे दोन्ही लिहा. आणि वेळांची तुलना करूच नका, पहिली वाट, साकव गेल्यावरची वाट आणि आताची नवीन साकवाची, तिन्हीची लांबी वेगळी. पहिल्यांदा मोजली ती सुंभाची दोरी टाकून टाकून, आता घड्याळं मोजतात ती पण झाडीखाली आणि घळीत प्रत्येकाची वेगळी दाखवतात. तीन याद्या वेगळ्या करा, बस.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा पोर्टलवरून फुकट उतरवता येतो, त्यात पायवाटा तुटक रेघेने दाखवलेल्या असतात, आपली पण आहे. सड्याच्या पुढे ती घाटाकडे जाते. या बाजूच्या घाटवाटांनी पूर्वी बैलांच्या पाठीवरून मीठ वर बेळगावकडे जायचं आणि धान्य खाली यायचं, म्हणजे धाव सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून पायांनी ती वाट राखलेली आहे. आता लाकडं आणायला कोणी जात नाही, गॅस आला, गुरं कमी झाली. वर्षातून एकदा धावेसाठी करड कापतात म्हणून ती शिल्लक आहे, नाहीतर पाच पावसाळ्यांत बुजेल. पाच जणांतले दोघे आता कोयता उचलू शकत नाहीत. बाबा गेल्या वर्षी वारले. वहीत त्यांचं नाव एकदाही नाही, ते कधी धावलेच नाहीत.

व्हाळापलीकडचा
करडाची वाट, तू कोण ते कळलं रे. तुझ्या बाबांनी मला त्या वाकड्या वळणावर एकदा हाताला धरून वर ओढलंय, मी सहावीत होतो.

ठरवलंय ते सांगतो. वर्षाचं एक पान, झालेलं असो नसो. २००९ च्या पानावर कोरा रकाना तसाच छापणार आणि शेजारी १४ नंबरच्या कापडाचा फोटो. २००८ च्या यादीत तिघींची नावं बाकीच्यांच्या खाली नाही, वेळेप्रमाणे जिथे बसतील तिथे. आणि प्रत्येक पानावर सगळ्यात वर, विजेत्याच्याही वर, त्या वर्षी करड कोणी कापलं त्यांची नावं. ती वहीत नाहीत म्हणून घरोघर फिरून विचारावी लागतील, त्याला वर्ष आहे हाताशी. मंडळाला काल बोललो, बॅनरचा विषय निघालाच, खजिनदारकाका काही बोलले नाहीत, नुसते उठून माझ्यासाठी चहा घेऊन आले.

येत्या रविवारी वर जातोय, करड सुकायच्या आत तीन्ही वाटांची वळणं मोबाईलवर टिपून घ्यायचीत. मास्तर, तुम्हाला चढ जमणार नसेल तर साकवापर्यंत तरी या, मी गाडी घेऊन येतो न्यायला. बाकी कोणी येणार असेल तर सकाळी सहाला देवळाकडे, पूर्ण पँट घाला, कोयता आमच्याकडे आहे.

काणकोणकर
चाफा आहे म्हणून सांगा त्याला. आई म्हणते फुलं आली की पाठवून देते.